हेलिकॉप्टरवाल्यांनो, टेलव्हील विमान शिकायचंय? पाय तयार आहेत, हातांचं बघा

परवा वानवडीत टपरीवर एक ज्युनियर भेटला, आर्मीतून नुकताच बाहेर पडलाय, चेतक आणि चित्ता या हेलिकॉप्टरांचे मिळून चांगले तास आहेत, आता सिव्हिलमध्ये चार्टरला लागलाय, आणि एकदम म्हणतो सर मला टेलव्हील (म्हंजे तिसरं चाक नाकाखाली नाही तर शेपटीखाली असलेलं विमान) शिकायचंय, पायपर कब वगैरे, सुरुवात कुठून करू. मी उभ्याउभ्या अर्धा तास बोललो, चहावर साय धरली, त्याचं अर्धं डोक्यावरून गेलं असणार, म्हणून आता नीट लिहून काढतोय. माझंही तसंच झालं होतं. नाशिकला शिकलो, चेतक उडवलं, मग बाहेर येऊन रॉबिन्सनचं आर४४ आणि बेल या हेलिकॉप्टरांवर चार्टर, म्हंजे शिर्डीच्या फेऱ्या आणि निवडणुकीच्या दिवसांत शाळांची मैदानं, चुन्याने काढलेला हेलिपॅडचा एच आणि त्याच्याभोवती अख्खं गाव. पन्नाशीला टेकल्यावर टेलव्हीलचं खूळ डोक्यात शिरलं. दहा तासांत होईल असं वाटलं होतं, चौदा लागले आणि एक पंखाचं टोक घासलं, ते पुढे सांगतो.

एक गोष्ट आधीच सांगतो कारण सगळं तिच्यावरच आहे. टेलव्हीलमधलं जे सगळ्यांना अवघड जातं, म्हंजे पाय जिवंत ठेवणं, ते आपल्याकडे आधीच आहे. नोजव्हीलवर, म्हंजे नाकाखाली चाक असलेल्या विमानावर, शिकलेला माणूस पाय फरशीवर ठेवून झोपलेला असतो, त्याला जागं करायलाच इन्स्ट्रक्टरचे पाच-सहा तास जातात. आपली भानगड हातांत आहे. ज्या सवयींनी हेलिकॉप्टरमध्ये आपला जीव वाचतो त्यातल्या चार-पाच विमानात थेट उलट्या पडतात आणि घाबरल्यावर माणूस विचार करत नाही, सवय करतो.

कागदपत्रांचं पटकन उरकतो. आपल्याकडे हेलिकॉप्टरचं लायसन्स वेगळं आणि विमानाचं वेगळं, सीपीएल एच, म्हंजे हेलिकॉप्टरचं कमर्शियल लायसन्स, खिशात आहे म्हणून सेस्ना घेऊन जाता येत नाही. पीपीएलला, म्हंजे विमानाच्या प्रायव्हेट लायसन्सला, एकूण ४० तास लागतात, तुमच्या हेलिकॉप्टरच्या तासांतलं त्यात काय धरतात ते डीजीसीएकडून, म्हंजे सरकारी विमान खात्याकडून, लेखी घ्या, क्लबमधल्या कुणाच्या तोंडी हिशोबावर पैसे भरू नका. टेलव्हील विमानं आपल्याकडे आता हाताच्या बोटावर मोजण्याइतकी. एकेकाळी क्लबाक्लबात एचएएलची पुष्पक असायची, ९० हॉर्सपॉवरची, दोन सीटची, आणि तेव्हाची पोरं थेट टेलव्हीलवरच शिकायची, त्यांना हे काही वेगळं आहे हेच माहीत नव्हतं. आता बारामतीला जा नाहीतर आणखी कुठे, शाळेत मिळणार नोजव्हीलच. म्हणून बहुतेकांचा रस्ता असा की विमानाचं बेसिक इथे करायचं आणि टेलव्हीलसाठी सुट्टी काढून बाहेर जायचं. अमेरिकेत त्याची इन्स्ट्रक्टरची एकदाच सही लागते, तासांची अट नाही, पण साधे आणि क्रॉसविंडचे टेकऑफ-लँडिंग, व्हील लँडिंग (शेपूट वर ठेवून पुढच्या दोन चाकांवर टेकणं) आणि गो अराउंड (उतरणं सोडून पुन्हा वर जाणं) हे सगळं त्याला पटेपर्यंत करून दाखवावं लागतं. व्हिसा वगैरेला वेळ लागतो, तिकीट आधी काढू नका.

पुण्यात राहता तर एक काम मात्र नक्की करा, हडपसरचं ग्लायडिंग सेंटर. डीजीसीएचंच आहे. फ्लाइंग कधी चालू असतं ते आधी विचारून जा नाहीतर सोलापूर रोडच्या ट्रॅफिकमध्ये सकाळ जाईल. ग्लायडर का म्हणाल, तर आर४४ च्या काचेवर तिरकं सरकतोय का ते दाखवणारा लोकरीचा धागा जसा चिकटवलेला असतो ना, अगदी तसाच ग्लायडरच्या कॅनोपीवर असतो, त्यामुळे पहिल्या मिनिटाला घरच्यासारखं वाटतं आणि दुसऱ्या मिनिटाला तो धागा तुमची अब्रू काढतो. हेलिकॉप्टरमध्ये वळायचं म्हंजे सायक्लिक, म्हंजे उजव्या हातातला दांडा, कलवायचं, पेडल फक्त टॉर्कसाठी, म्हंजे रोटरमुळे अंग उलटं फिरायला बघतं ते थांबवायला. ग्लायडरचे पंख लांब, स्टिक डावीकडे नेली की उजवा पंख वर जाताना मागे ओढला जातो आणि नाक क्षणभर उजवीकडे पळतं, म्हंजे वळायचंय डावीकडे आणि नाक बघतंय भलतीकडेच. स्टिकबरोबर पाय गेलाच पाहिजे. कबमध्येही हेच आहे. शिवाय ग्लायडरला इंजिन नाही, त्यामुळे फायनलवर, म्हंजे उतरायच्या शेवटच्या सरळ टप्प्यात, एकच स्पीड धरून यायची सवय लागते आणि ती आपल्याला सगळ्यात जास्त लागणारे. दहा-बारा लाँच झाले तरी पुष्कळ फरक पडतो.

आता पाय. पाय तयार आहेत म्हणालो खरं, पण कुठल्या बाजूला तयार आहेत ते तुम्ही काय उडवलंय त्यावर आहे आणि हे मला कुणी सांगितलं नव्हतं. चेतक-चित्ता मूळचे फ्रेंच, त्यांचा रोटर वरून बघितला तर घड्याळाच्या दिशेने फिरतो, म्हणून कलेक्टिव्ह (डाव्या हाताचा, पॉवरचा दांडा) ओढलं की नाक डावीकडे जायला बघतं आणि उजवा पाय दाबायचा. रॉबिन्सन, बेल हे अमेरिकन, रोटर उलटा, पॉवर वाढवली की डावा पाय. कबसारख्या अमेरिकन इंजिनाच्या विमानात प्रॉपेलर कॉकपिटमधून बघताना घड्याळाच्या दिशेने फिरतो, थ्रॉटल पुढे गेला की नाक डावीकडे, म्हंजे उजवा पाय. तर चेतकवाल्याचा पाय बरोबर आणि बेलवाल्याचा उलटा! माझ्यात दोन्ही भरलेलं, पहिली चेतकची सवय आणि तिच्यावर आर४४ ची, त्यामुळे पहिल्या टेकऑफला दोन्ही पाय एकदम दाबले गेले आणि मागे बसलेल्या इन्स्ट्रक्टरला वाटलं मी ब्रेक शोधतोय. आणि हे पाठही करू नका, कारण टायगर मॉथ या जुन्या ब्रिटिश विमानात जिप्सी इंजिन उलटं फिरतं आणि तिथे डावा पाय लागतो. पाठ काय करायचं तर नाक बघायचं आणि नाक जाईल त्याच्या उलटा पाय. हॉवरमध्ये, म्हंजे हवेत एका जागी उभं असताना, आपण हेच करत असतो, टॉर्कचं गणित मांडत नसतो.

टेकऑफला शेपूट उचलताना आणखी एक झटका बसतो आणि तो मात्र आपल्याला कुणी समजवायला नको. रोटरवर लावलेला जोर ९० अंश पुढे जाऊन दिसतो हे आपण ग्राउंड स्कूलला घोकलंय, प्रॉपेलर म्हंजे उभा केलेला छोटा रोटरच. शेपूट उचलली म्हंजे त्या चकतीची वरची कड पुढे ढकलली, ते ९० अंश फिरून उजव्या कडेला उमटतं आणि नाक डावीकडे वळतं. जितकी झटकन शेपूट उचलाल तितका मोठा झटका. हळू उचला, उजवा पाय तयार ठेवा.

हातांचं आता, आणि इथे मी रेंगाळणारे.

पहिलं, हॉर्न. आर४४ मध्ये रोटर आरपीएम ९७ टक्क्यांवर आला की हॉर्न वाजतो आणि आपण काय करतो, थ्रॉटल वळवतो, कलेक्टिव्ह खाली, पुढे जात असलो तर सायक्लिक किंचित मागे. हे इतकं भिनलेलं असतं की झोपेत हॉर्न वाजला तरी डावा हात गादीत जाईल. सेस्नात स्टॉलचा, म्हंजे नाक फार वर जाऊन पंखांची उचल संपत आल्याचा, हॉर्न वाजतो तेव्हा करायचं बरोबर उलटं, स्टिक पुढे. मागे ओढलीत तर आहे तो स्टॉल आणखी खोल. रॉबिन्सन कंपनीने विमानातून हेलिकॉप्टरकडे येणाऱ्यांसाठी खास सेफ्टी नोटीस काढलेली आहे की बाबांनो हॉर्न ऐकून सायक्लिक पुढे ढकलू नका, आपण त्याच दरवाजातून उलटे जातोय एवढंच. माझा पहिला हॉर्न फायनलवर वाजला आणि हात मागे आला, मी आणला नाही, तो आला. त्यानंतर मी वर उंचावर जाऊन ओळीने वीस-पंचवीस स्टॉल केले, नुसतं हॉर्न-पुढे, हॉर्न-पुढे, तबल्याचा कायदा बसवतात तसं. कबमध्ये तर हॉर्नच नाही, तिथे पार्श्वभागाला कळावं लागतं.

याच्याच पोटात दुसरी भीती आहे. आर४४ किंवा बेल २०६ सारख्या दोन पात्यांच्या रोटरवाल्यांना सायक्लिक जोरात पुढे ढकलणं म्हंजे पाप असं शिकवलेलं असतं, लो जी, म्हंजे वजन हलकं होतं, मग मास्ट बंपिंग, म्हंजे रोटरचा मध्य त्याच्या दांड्यावर आपटतो, खेळ खलास. त्यामुळे विमानात स्टॉलमधून बाहेर यायला पुढे ढकल म्हटलं की हात ढकलतो पण अर्धवट, कसनुसा, जणू गरम तव्याला बोट लावतोय. विमानाला रोटर नाही, डोक्यावर काही तुटून पडणार नाही, हे स्वतःला मोठ्याने सांगा. मी खरंच मोठ्याने बोलायचो.

इंजिन गेलं तर? हेलिकॉप्टरमध्ये आधी कलेक्टिव्ह खाली, बाकी सगळं नंतर, आणि क्रूझमध्ये सायक्लिक मागे. टेकऑफनंतर चढताना विमानाचं इंजिन गेलं तर आधी नाक खाली, तेही लगेच, कारण चढताना नाक वर असतं आणि स्पीड दोन-तीन सेकंदांत पळून जातो. डावा हात खाली गेला तर काही बिघडत नाही, तिथे खाली काही नसतंच. पण उजवा हात मागे गेला की संपलं.

तिसरं म्हंजे डाव्या हाताचं. कबमध्ये स्टिक उजव्या हातात आणि थ्रॉटल डाव्या हाताला, बसल्यावर वाटतं अरे हे तर आपलंच. फसू नका! आपला डावा हात वर ओढला की पॉवर वाढते, इथे थ्रॉटल मागे ओढला की पॉवर जाते. विमान धप्पकन खाली बसायला लागलं की जमिनीपासून दहा फुटांवर घाबरून डावा हात ओढतो, आणि जेव्हा पॉवर हवी नेमकी तेव्हाच ती बंद होते. सेस्नात हात वेगळे असतात, डावा योकवर (स्टिकऐवजीचं स्टिअरिंग) आणि उजवा थ्रॉटलवर, त्यामुळे तिथे हा घोटाळा उलट कमी होतो.

चौथं ॲप्रोच. हेलिकॉप्टरचा ॲप्रोच म्हंजे स्पीड मारत मारत यायचं, जागेवर पोचेपर्यंत शून्य. आपले डोळे जमीन किती वेगाने सरकतेय ते बघतात आणि वेग जास्त वाटला की हात आपोआप नाक उचलतो. विमानात हे केलंत तर फायनलवरच स्टॉल. कब ३८ मैलांच्या आसपास स्टॉल होतो, फायनलला ५५ ते ६० मैल धरायचे आणि धरूनच ठेवायचे, रनवे अंगावर येतोय असं वाटलं तरी. शिवाय आपला नॉर्मल ॲप्रोच बराच खडा असतो, विमानाचा उथळ, त्यामुळे सुरुवातीला सारखं वाटतं की आपण फार खाली आलोय. नजर फसवते, म्हणून पहिले काही दिवस दर पाच सेकंदांनी स्पीड वाचत या.

आणि पाचवं, जे मला सगळ्यात उशिरा कळलं. ऑटोरोटेशनमध्ये, म्हंजे इंजिनाशिवाय उतरताना, आपण फ्लेअर करतो, म्हंजे नाक उचलतो, स्पीड मारतो, आणि मग टेकायच्या आधी सायक्लिक पुढे करून स्किड (चाकांऐवजी असलेल्या नळ्या) लेव्हल करतो, नाहीतर शेपूट आपटते. थ्री पॉइंट लँडिंगमध्ये नाक वर धरून स्टिक मागे मागे मागे घेत जायचं, तिन्ही चाकं एकदम टेकेपर्यंत. मी काय करायचो, नाक छान वर धरायचो, विमान आता टेकणार, आणि शेवटच्या क्षणाला हात पुढे जायचा, लेव्हल करायला. पुढची चाकं दाणकन आपटायची, विमान उडी मारायचं, आणि मी परत फ्लेअर करायचो. इन्स्ट्रक्टरला कळेना की सगळं बरोबर करणारा हा माणूस शेवटच्या दोन फुटांत काय करतो. शेवटी मीच रात्री खोलीत डोळे मिटून हात चालवत होतो तेव्हा लक्षात आलं, अरे हा तर स्किड लेव्हल करतोय! दुसऱ्या दिवशी स्टिक मागे घेताना कोपर मांडीजवळ खेचत नेला आणि तिथेच ठेवला, मग जमलं. ह्याचाच जुळा भाऊ म्हंजे टेकल्यानंतरचं. जमिनीवर सायक्लिक मागे ओढून ठेवायचं नाही हे आपल्याला कान पकडून शिकवलेलं असतं, पातं टेल बूमला लागेल, त्यामुळे टेकल्यावर हात मध्यावर येतो. इथे थ्री पॉइंटर टेकला की स्टिक पोटात, पूर्ण मागे, शेपटीचं चाक जमिनीत दाबून धरायला. तेच चाक तुम्हाला सरळ ठेवतंय.

आता ते शेपटीचं चाक एवढं का छळतं ते. नोजव्हीलमध्ये वजनाचा मध्य मुख्य चाकांच्या पुढे असतो, जरा वाकडं गेलं तर वजन पुढे ओढून स्वतःच सरळ करतं. टेलव्हीलमध्ये तो मध्य मुख्य चाकांच्या मागे. जरा वाकडं झालं की मागचं वजन पुढे जायला बघतं, तसं आणखी वाकडं होतं, तसं आणखी, आणि मग शेपूट गर्रकन पुढे. तोच ग्राउंड लूप. घरची सायकल घ्या, सीटला धरून पुढे ढकला, गुपचूप सरळ जाते, तशीच मागे ढकलायला लागा, हँडल क्षणात फिरतं. शास्त्र तंतोतंत तेच नाही पण हाताला अंदाज येतो.

हेलिकॉप्टरवाल्याला इथे एक फायदा आहे. स्किड टेकताना बाजूला सरकत असलो तर डायनॅमिक रोलओव्हर होतो, म्हंजे हेलिकॉप्टर कुशीवर कोलमडतं, ही भीती आपल्या हाडात आहे, त्यामुळे आपण ड्रिफ्ट घेऊन सहसा टेकत नाही. पण आपल्याला नाक कुठे बघतंय याची फारशी पर्वा नसते, हॉवरमधून नाक तिरकं ठेवूनही टेकता येतं. विमानात सरकणं शून्य हवं आणि नाकही ज्या दिशेला जातोय त्याच दिशेला हवं, दोन्ही एकदम. वारा आडवा असेल तर वाऱ्याकडचा पंख खाली, उलटा पाय, आणि आधी वाऱ्याकडचं एक चाक टेकवायचं. एका चाकावर टेकायला नोजव्हीलवाले घाबरतात, आपल्याला त्याचं काही वाटत नाही, हेलिकॉप्टर तसंही एक स्किड खाली घेऊनच हॉवर करतं.

दुसरा फरक मात्र मोठाय. टेल रोटर शून्य स्पीडलाही तेवढाच दमदार. विमानाचा रडर, म्हंजे शेपटीची हलणारी उभी फळी, वाऱ्यावर चालतो, स्पीड गेला की रडर मेला. टेकल्यावर साठ मैलांना जे काम अंगठ्याने होतं त्याला तीस मैलांना अख्खा पाय लागतो, आणि मधे एक टप्पा येतो, व्हील लँडिंगमध्ये शेपूट खाली येत असताना, जेव्हा रडर संपत आलेला असतो आणि शेपटीच्या चाकाने अजून पकड घेतलेली नसते. बहुतेक ग्राउंड लूप तिथे. माझाही तिथेच. चांगलं व्हील लँडिंग केलं, खूश झालो, मनात म्हटलं झालं लँडिंग, आणि आतून कलेक्टिव्ह खाली ठेवल्यासारखं सगळं सैल सोडलं. डावीकडून एक झुळूक आली, नाक डावीकडे गेलं, मी पाय दिला पण उशिरा, मग दिला तो जास्त, मग उलटा जास्त, आणि विमान रनवेच्या कडेच्या गवतात शेपूट पुढे करून उभं राहिलं. वेग पळण्याइतकाच होता, पंखाचं टोक घासलं, बाकी काही नाही. मेकॅनिकने मान हलवली, बिल दिलं.

पुण्यात आल्यावर साळुंके विहारमधल्या एका कर्नल सरांना हे सांगितलं. ते जुन्या एअर ओपीतले, म्हंजे तोफखान्याच्या हवाई तुकडीतले, हेलिकॉप्टरच्या आधी त्यांनी ऑस्टर आणि कृषक उडवलेली, दोन्ही टेलव्हील. म्हंजे आपण जातोय त्याच्या उलट प्रवास. ते हसले आणि म्हणाले, "अरे, आम्ही चेतकवर आलो तेव्हा खाली टेकलं की पाय नाचवायचो, इन्स्ट्रक्टर ओरडायचा की आता कशाला नाचतोस, पोचलास. तुझं उलटं झालं. तू पोचायच्या आधीच थांबलास."

पाय कसा मारायचा तेही त्यांनीच खुर्चीत बसून दाखवलं. दाबून धरायचं नाही, टिचकी मारल्यासारखं, दे आणि लगेच काढून घे, दे आणि काढून घे. चूक छोटी असतानाच द्यायचं, उशीर झाला की मोठं द्यावं लागतं आणि मोठं दिलं की ते काढून घ्यायला उशीर होतो. नजर रनवेच्या पार टोकाला. हॉवर शिकताना आपल्याला हेच सांगतात, पायाजवळचं गवत बघू नकोस, दूरचं झाड बघ. टेकल्यावर टोक दिसत नाही कारण नाक आड येतं, तेव्हा दोन्ही कडा डोळ्यांच्या कोपऱ्यातून सारख्या दिसतायत का एवढंच. उड्या मारायला लागलं तर स्टिकने पाठलाग करू नका, थ्रॉटल पूर्ण पुढे आणि गो अराउंड, लाज वाटून घेऊ नका.

टॅक्सीबद्दल थोडंसं. समोर काही दिसत नाही म्हणून नागमोडी जायचं, दोन्ही बाजूंनी डोकावत. चालताय त्या वेगाने. कबमध्ये एकटे असाल तर मागच्या सीटवर बसायचं असतं, त्यामुळे पुढे काय आहे हा प्रश्न आणखीनच गंभीर. ब्रेक टाचेने दाबायचे असतात, आणि ते जोरात दाबले की शेपूट उचलून नाकावर उभं राहता येतं, तेव्हा ब्रेक नाहीतच असं समजून चालवा. वारा समोरून तिरका असेल तर त्या बाजूला स्टिक, मागून तिरका असेल तर त्याच्यापासून लांब आणि पुढे. हॉवर टॅक्सीची सवय असलेल्याला वारा कुठून येतोय ते विचारावं लागत नाही, झेंडा, धूर, धुणं सगळं आपण बघतच असतो, फक्त आता ते खाली टेकल्यावरही बघायचं.

इथलं उन्हाचंही लक्षात घ्या. लोहगाव जवळजवळ १९०० फुटांवर आहे. एप्रिलमध्ये ३८ डिग्री झाली की डेन्सिटी अल्टिट्यूड, म्हंजे विरळ हवेच्या हिशोबाने धरलेली उंची, ५००० फुटांच्या वर जाते. हेलिकॉप्टरमध्ये आपण हे पॉवरच्या हिशोबाने बघतो, हॉवर मिळेल की नाही. टेलव्हीलमध्ये दुसरा हिशोब आहे, घड्याळात तेवढाच स्पीड दाखवला तरी जमिनीवर तुम्ही साधारण ८ टक्के जास्त वेगाने टेकता, आणि वाकडं झालं तर अंगात उरलेला जोर १६ टक्क्यांहून जास्त. त्यात दुपारचे भोवरे. नोव्हेंबर ते फेब्रुवारी, सकाळी नऊच्या आत, एवढंच सुरुवातीला. आणि जमलं तर पहिली लँडिंग गवतावर करा, गवतावर टायर थोडा घसरतो आणि चूक माफ होते, डांबर पकडून ठेवतं.

घरी करायचा अभ्यास आहे एक, हसू नका. स्वयंपाकघरातलं स्टूल, गुडघ्यांमध्ये लाटणं स्टिक म्हणून, डाव्या हाताला टेबलाची कड थ्रॉटल म्हणून, पायाखाली दोन जुन्या स्लीपर. डोळे मिटून अख्खं सर्किट, म्हंजे टेकऑफपासून लँडिंगपर्यंतचा फेरा, तोंडाने बोलत करायचं, हॉर्न वाजला पुढे, इंजिन गेलं नाक खाली, फ्लेअर, मागे मागे मागे, टेकलं, पोटात, पाय पाय पाय. मी रोज वीस मिनिटं करायचो. बायकोने दुसऱ्या दिवशी पोळ्यांसाठी दुसरं लाटणं आणलं आणि विषय बंद केला. बूट पातळ तळव्याचे, शाळेतले पीटीचे कॅनव्हास असतात तसले, फ्लाइंग बुटातून पेडल कळत नाही.

हेलिकॉप्टर चालूच ठेवणार असाल, म्हंजे पोटापाण्यासाठी ठेवावंच लागतं, तर एकाच दिवशी दोन्ही उडवू नका, निदान पहिले पन्नास तास. ज्या दिवशी कबवरून परत हेलिकॉप्टरमध्ये बसाल त्या दिवशी सुरू करायच्या आधी दोन मिनिटं नुसतं बसून वरचं सगळं उलटं म्हणा, हॉर्न म्हंजे कलेक्टिव्ह खाली, पुढे ढकलायचं नाही. नव्या सवयी जुन्या घरात घुसतात, आणि तिथे त्या जास्त महाग पडतात.

राहिलं शेवटचं. टेलव्हील विमान चालण्याच्या वेगालाही गर्रकन फिरतं, त्यामुळे पार्किंगमध्ये येऊन, इंजिन बंद होऊन, प्रॉपेलर थांबेपर्यंत पाय पेडलवर आणि स्टिक पोटात. मग उतरून चाकांना ठोकळे, दोन्ही पंखांना आणि शेपटीला दोर, आणि स्टिक सीटबेल्टने मागे बांधून टाका, कारण हलकं विमान बांधलेलं नसेल तर वळवाच्या वाऱ्यात तुमच्याशिवायच टेकऑफ करतं. हे सगळं झालं की मग चहा.